खुब्यातला सिरॅमिकचा गोळा

खुबा बदलायचा म्हटलं की नगरकरांना एकेकाळी पुणं-मुंबई गाठावी लागे. लोणीला 1984 साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पुढे विळद घाटातही रुग्णालय उभं राहिलं, आणि ही शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या आवाक्यात आली. पेशंटचा प्रश्न मात्र तोच राहिला: मांडी घालता येईल का?

हा प्रश्न खुब्याच्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे. 1962 साली इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी बसवली. वाटी झिजायची, तिच्या कणांमुळे भोवतालचं हाड खचायचं. म्हणून फ्रान्समधल्या पो गावच्या पिएर बुताँ यांनी 1970 मध्ये गोळा आणि वाटी दोन्ही अ‍ॅल्युमिना सिरॅमिकची केली. झीज जवळजवळ थांबली, पण सिरॅमिक वाकत नाही, थेट फुटतं.

मग जास्त चिवट म्हणून झिर्कोनिया आलं. एका फ्रेंच कंपनीने 1998 मध्ये भट्टीची पद्धत बदलली आणि त्या भट्टीतले काही गोळे पेशंटच्या अंगात फुटू लागले. 2001 मध्ये ते जगभरातून परत मागवावे लागले. कोणाच्या खुब्यात कोणत्या लॉटचा गोळा आहे, हे तेव्हा केवळ नोंदींवरूनच कळणार होतं.

आजचं सिरॅमिक अ‍ॅल्युमिना-झिर्कोनियाचं मिश्रण आहे आणि ते खरोखर सुधारलेलं आहे. ब्रिटनच्या सांधेरोपण नोंदवहीवरच्या 2017 च्या अभ्यासात जुने गोळे फुटण्याचं प्रमाण लाखात 119 होतं, नव्यांचं 9. वाटीच्या अस्तराचं मात्र तसं नाही: जुनं 112, नवं 126. वाटी तिरकी बसली, किंवा पेशंट उकिडवा बसताना इम्प्लांटची मान वाटीच्या कडेवर टेकू लागली, की सगळा भार कडेवर येतो. तिथून चरा पडतो, कधी चालताना करकर आवाज येतो, क्वचित टवका उडतो.

फुटल्यावरची गुंतागुंत अधिक गंभीर. काचेसारखे बारीक कण सांध्याच्या आवरणात रुतून बसतात. कितीही धुतलं तरी सगळे निघत नाहीत. अशा सांध्यात पुन्हा धातूचा गोळा बसवला, तर ते कण त्याला घासून काढतात आणि कोबाल्ट रक्तात उतरतं. हृदयाला, दृष्टीला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. म्हणून दुसऱ्या ऑपरेशनला बहुतेक सर्जन पुन्हा सिरॅमिकचाच गोळा निवडतात. आधी काय बसवलं होतं, हे त्यांना ठाऊक असायलाच हवं.

आपल्याकडे घोडं नेमकं इथेच अडतं. धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ खुबा 2010 मध्ये जगभरातून परत घेतला गेला. 2011 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत माहीम पोलिसांत गुन्हा नोंदवला. देशात सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यांपैकी 3,600 च्या आसपास पेशंटचा पत्ताच लागला नाही.

ऑपरेशनच्या वेळी इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर फाईलला लावतात. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. घरात कोणाचा खुबा बदलला असेल तर त्या स्टिकरची प्रत मागून घ्या, आणि रेशन कार्डाबरोबर जपून ठेवा.