भांडी घासणाऱ्याचं अनियतकालिक

अनियतकालिक म्हटलं की मराठीत साठचं दशक आठवतं. सायक्लोस्टाइल केलेली पानं, कविता, प्रस्थापितांशी भांडण. अमेरिकेत अशा घरगुती, बिनधंद्याच्या अंकांना ‘झीन’ म्हणतात, आणि तिथे विषयाला काही धरबंदच राहिला नाही. सुरुवात विज्ञानकथांच्या वेडातून झाली. १९३० मध्ये शिकागोच्या चाहत्यांनी ‘द कॉमेट’ काढला. पुढे झेरॉक्स स्वस्त झाली आणि कुणीही, कशावरही अंक काढू लागलं. इतके, की १९८२ मध्ये माइक गुंडरलॉय यांनी नुसती झीन्सची ओळख आणि पत्ते छापणारं ‘फॅक्टशीट फाइव्ह’ सुरू केलं.

या गर्दीतलं माझं आवडतं झीन म्हणजे नव्वदच्या दशकातलं ‘डिशवॉशर’. ते काढायचा पीट जॉर्डन. हॉटेलांत भांडी घासणं हे त्याचं काम, आणि अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत भांडी घासायची हा त्याचा संकल्प. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण हे काम कुठल्याही गावात मिळतं आणि कंटाळा आला की सोडून निघता येतं. पीट बऱ्याचदा न सांगताच निघायचा.

अंकात काय असायचं? मालकांचे किस्से, गिऱ्हाइकांच्या ताटांत उरलेलं खाऊन पोट भरण्याची कला, भांडीवाल्यांचे जुने संप. पॅरिसच्या हॉटेलात भांडी घासलेला जॉर्ज ऑरवेल हा तर या जमातीचा मानाचा पूर्वज. मला हा खरा इतिहास वाटतो. हॉटेलच्या स्वयंपाकघराची गोष्ट शेफच्या नावाने लिहिली जाते. मोरीपाशी उभ्या असलेल्याला त्यात नाव नसतं. इथे तोच लिहीत होता, आणि देशभरचे भांडीवाले त्याला पत्रं पाठवत होते.

मग डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही शोचं बोलावणं आलं. पीटने आपल्या जागी मित्राला पाठवलं. मित्र पीट म्हणून बसला, गप्पा मारून परत आला. कुणालाही शंका आली नाही. भांडी घासणाऱ्याचा चेहरा कोण ओळखणार!

पन्नास राज्यं काही झाली नाहीत. पीट अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन राहिला. २००७ मध्ये त्याचे अनुभव पुस्तकरूपाने आले, रीतसर किंमत छापून. गुंडरलॉय यांच्याकडे टपालाने येऊन पडलेली हजारो झीन्स मात्र ऑल्बनीच्या न्यूयॉर्क राज्य ग्रंथालयात आहेत, सरकारी खोक्यांत.