सल्फाइड अवक्षेपण

जलीय विद्रावातील धातू-आयन हायड्रोजन सल्फाइड वायूच्या साहाय्याने सल्फाइडरूपात साका म्हणून खाली बसवण्याची क्रिया. विज्ञान महाविद्यालयांत गुणात्मक विश्लेषण शिकवताना तिचा आधार घेतला जातो.

हायड्रोजन सल्फाइड हे दुर्बल अम्ल दोन टप्प्यांत विघटित होते. २५° से. ला संपृक्त विद्रावात त्याची संहती सुमारे ०.१ मोल प्रतिलिटर असते. पाठ्यपुस्तकी विघटन-स्थिरांक (१०⁻⁷ व १०⁻¹⁴) घेतल्यास हायड्रोजन आयन-संहतीचा वर्ग आणि सल्फाइड आयन-संहती यांचा गुणाकार १०⁻²² येतो. म्हणून ०.३ मोलर हायड्रोक्लोरिक अम्लात सल्फाइड आयन जेमतेम १०⁻²¹ मोलर उरतात. धातू-आयन ०.०१ मोलर असतील तर आयनी गुणाकार १०⁻²³. कॉपर सल्फाइडचा विद्राव्यता गुणाकार याहून कितीतरी लहान, सुमारे १०⁻³⁶ असल्याने काळा साका लगेच पडतो. फेरस सल्फाइडचा मात्र याहून मोठा, सुमारे १०⁻¹⁸ असल्याने लोह विद्रावातच राहते. सगळी किमया अम्लाच्या मात्रेची आहे, आणि विद्यार्थी चुकतो तोही बहुधा तिथेच.

दुसरा स्थिरांक प्रत्यक्षात याहून फार लहान असल्याचे आता मानले जाते. त्यामुळे ही उत्तरे अंदाजी समजावीत. वायू अत्यंत विषारी आहे. प्रयोग धूरकपाटातच करावा.