दोन गोळ्यांचे जॉइंट अकाउंट

इतिहास म्हटला की आपल्याला तोफगोळे आठवतात. पण अहो, औषधाच्या गोळ्यांनीही काही कमी इतिहास घडवलेला नाही!

१८४७ साली इटलीतल्या तुरिन शहरी अस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीन तयार केले. किंचित चाखून पाहिले, तर डोके ठणकू लागले. त्या भडक माथ्याच्या द्रव्याला आल्फ्रेड नोबेलने ताळ्यावर आणले आणि १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले. पुढे १८७९ मध्ये लंडनच्या डॉ. विल्यम मरेल यांनी दाखवून दिले की, हेच द्रव्य अगदी अल्प प्रमाणात दिले तर हृदयशूळ थांबतो. डोंगर फोडणारा पदार्थ छातीतली कळ घालवतो! उतारवयात खुद्द नोबेललाही डॉक्टरांनी तेच लिहून दिले. हिशेब चुकता होतो तो असा.

शंभरएक वर्षांनी इंग्लंडातल्या सँडविच गावी (हो, गावाचे नावच ते!) फायझरचे संशोधक याच दुखण्यावर नवे औषध शोधत होते. छातीला फारसा गुण येईना. पण पुरुषमंडळींच्या भलत्याच खात्यात रक्कम जमा झालेली आढळली. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत त्या सिल्डेनाफिलला ‘व्हायग्रा’ म्हणून मंजुरी मिळाली.

आता आमच्या कारकुनी भाषेत सांगतो. नायट्रेट रक्तवाहिन्या सैल करणारे द्रव्य शरीरात वाढवते. सिल्डेनाफिल त्याचा खर्च अडवते. जमा चालू, खर्च बंद! बँकेत ही आनंदाची वार्ता. शरीरात मात्र रक्तदाब धाडकन कोसळतो आणि माणूस जिवाला मुकू शकतो. म्हणून नायट्रेट चालू असलेल्याने या गोळीच्या वाटेला जायचे नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास डॉक्टरही नायट्रेट टाळतात.

अडचण आहे ती आपल्या भिडस्तपणाची. छातीत कळ आली की शेजारीपाजारी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायला धावतात, आणि पाकिटातल्या निळ्या गोळीची बातमी बायकोलाही नसते! त्या वेळी आधी तोंड उघडावे ते गोळीसाठी नव्हे, हे सांगण्यासाठी. लाजून लपवलेली नोंदच ताळेबंद बुडवते. आणि डॉक्टर काही आपले पासबुक चारचौघांत वाचून दाखवत नाहीत.