शेजाऱ्याचे झाड

झाड एकाने आपल्या परसात लावावे आणि त्याने सावली धरावी ती शेजाऱ्याच्या अंगणावर, हा अनुभव पुणेकरांना नवा नाही. पेठांतल्या वाड्यांच्या भिंतींत पिंपळाने मुळे घातली. पुढे डेक्कन जिमखाना व एरंडवणे भागांत बंगले उठले, तेव्हा कुंपणाकाठच्या आंब्यांनी आणि गुलमोहोरांनी तोच वाद नव्या वस्तीत नेला. पाडाचा आंबा उचलताना झाड कोणाचे हे कोणी विचारीत नाही. फांदी कौलांवर कोसळली म्हणजे मात्र तो प्रश्न उठतो. नुकसान कोणी सोसावयाचे? या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्रथम आपल्या धर्मशास्त्राकडे वळू. याज्ञवल्क्यस्मृतीत उपयोगी झाडाची फांदी तोडणाऱ्यास 20 पण, खोड तोडणाऱ्यास 40 आणि समूळ नाश करणाऱ्यास 80 पण दंड सांगितला आहे. झाड देवालयाचे किंवा शिवेवरचे असेल, तर दंड दुप्पट. शिवेवरचे झाड म्हणजे दोन शेतांमधला न बोलणारा साक्षीदार. तो मोडला की हद्दच पुसली जाई. अशा झाडाची फुले-फळे दोन्ही धन्यांची सामाईक, असेही स्मृतिवचन आहे. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड पुण्याच्या भांडारकर संस्थेनेच प्रसिद्ध केले. सीमावादाचा हा सारा विचार त्यांत सविस्तर पाहावयास मिळतो.

शिवकालीन राजनीती सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हाच सूर आहे. आरमारास लाकूड हवे, म्हणून रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढविलेली असतात. झाड जीर्ण झालेलेच असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावे. राज्याच्या गरजेलाही येथे मर्यादा घातली आहे. परंतु या सर्व वचनांत अपराधी कोण? तोडणारा. झाडामुळे ज्याची भिंत फुटली, त्याचे दुःख या वचनांत नाही.

ते दुःख रोमन लोकांनी ओळखले होते. त्यांच्या बारा पाट्यांच्या कायद्यात शेजाऱ्यावर झुकलेल्या फांद्या पंधरा फुटांपर्यंत छाटण्याची तरतूद होती. उलट पलीकडे पडलेले आपले फळ वेचून आणण्याची मुभा धन्याला होती. इंग्लंडात 1894 साली सर्वोच्च पीठाने असा निर्णय दिला, की आपल्या हद्दीत आलेली फांदी, दुसऱ्याच्या जागेत पाऊल न टाकता, पूर्वसूचनेवाचूनही छाटता येते. त्याच सुमारास मुंबईच्या हायकोर्टानेही म्हटले, की वर्षानुवर्षे फांदी पलीकडे लोंबकळत राहिली, एवढ्याने तशी ठेवण्याचा हक्क उत्पन्न होत नाही. निरोगी झाड अकल्पित वादळाने पडले, तर धन्यावर सहसा दोष येत नाही. पण खोड पोखरलेले आहे हे ठाऊक असून, किंवा ठाऊक असावयास हवे असून, जो स्वस्थ बसला, त्याला नुकसानभरपाई चुकत नाही.

येथवर दोघेच पक्षकार होते. 1975 च्या महाराष्ट्राच्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याने तिसरा आणला, तो म्हणजे नगर. आता स्वतःच्या परसातले झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने तोडणे म्हणजे केवळ कुऱ्हाड चालविणे नव्हे. झाडाला जाळणे किंवा अन्य प्रकारे इजा करणे हेही त्यात येते. रात्री मुळाशी ॲसिड ओतून वाद मिटविणाराही त्यातून सुटत नाही. हे योग्यच आहे, कारण झाडाची सावली आणि हवा दोन घरांपुरती नसते.

तथापि नगराची मालकी सांगणाऱ्याने नगराचे कर्तव्यही विसरू नये. धोक्याच्या झाडाचा अर्ज कचेरीत पडून राहिला आणि पहिल्या वळिवात ते कोणाच्या छपरावर आले, तर दोष केवळ धन्याचा कसा म्हणावा? तोडणाऱ्याला दंड सांगणारी स्मृती, सोसणाऱ्याला दाद देणारे न्यायालय आणि झाडाला संरक्षण देणारा कायदा, या तिघांनीही एक काम शेजाऱ्यांवरच सोपविले आहे. तडा दिसताच सोसणाऱ्याने सांगावे. सांगताच धन्याने खोड पाहावे, फांदी उतरवावी, अर्ज करावा. दावा वर्षानुवर्षे चालतो. पावसाळा मात्र दर जून महिन्यात येतो.