काका बॅप्टिस्टा : एका माझगांवकराचें पुण्यस्मरण

ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेंत देवळाचा इतिहास येईल, धर्मगुरूंचीं नांवें येतील, देणगीदारांचे आभार मानिले जातील. आणि तें योग्यच आहे. परंतु जे ना पाद्री होते ना सावकार, तरी ज्यांच्यामुळें आपला समाज मुंबई शहरांत ताठ मानेनें उभा राहिला, अशा एका गृहस्थांचें स्मरण केल्यावांचून ही पुस्तिका पुरी होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. ते गृहस्थ म्हणजे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा; साऱ्या मुंबईचे काका.

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं माझगांवच्या म्हातारपाखाडींत झाला. घराणें मूळचें उत्तनचें. प्रथम माझगांवच्या सेंट मेरी शाळेंत, पुढें पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांत आणि अखेर विलायतेंत केंब्रिज येथें त्यांचें शिक्षण झालें, आणि बॅरिस्टर होऊन ते स्वदेशीं परतले. अशा विद्वान् मनुष्यास सरकारी कृपेची वाट मोकळी होती. तिच्याकडे त्यांनीं पाठ फिरविली.

ह्या त्यागाची किंमत कळण्यास त्या वेळची समाजस्थिति ध्यानीं घेतली पाहिजे. मुंबई व साष्टी येथील आपले पूर्वज ह्याच भूमीचे, त्यांची बोलीहि मराठी. पण पुष्कळांची भाकर सरकारी कचेरींतून येई. १८८७ सालीं राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्ण-ज्युबिलीच्या प्रसंगीं बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे जुने चाकर, नोकरींत आपला हक्क पहिला, हें सरकारास कळावें म्हणून 'ईस्ट इंडियन' हें नांव तेव्हां मुद्दाम घेतलें गेलें. आम्ही वाडवडिलांस दोष देत नाहीं. मुलें उपाशी ठेवून कोणास अभिमान मिरवितां येत नाहीं. तथापि राजकृपेसाठीं ज्या समाजानें नवें नांव घेतलें, त्याच समाजांतून लोकमान्य टिळकांचा जिवलग सहकारी निघाला, ही गोष्ट विसरण्याजोगी नव्हे.

१९१० सालीं विनायक दामोदर सावरकर ह्यांच्यावर मुंबईस खटला चालला, तेव्हां त्यांच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या वकिलांत काका होते. एप्रिल १९१६ मध्यें बेळगांवीं होमरूल लीग स्थापन झाली; तिचे अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा आणि चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. पुढच्या सालीं स्वराज्याची मागणी विलायतेच्या मजूर पक्षापुढें मांडण्यास काका तिकडे गेले. टिळकांच्या प्रसिद्ध घोषणेचे शब्द मूळचे काकांचे, असें आपल्या समाजांत सांगतात. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. शब्द कोणाचेहि असोत, ते खरे करण्यासाठीं काका झिजले, इतकें पुरे आहे.

गरिबाचा कैवार हेंहि त्यांचें व्रतच होतें. १९२० सालीं मुंबईस जन्मलेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांत ते होते, आणि १९२१ सालीं कोळशाच्या खाणींच्या मुलुखांत, झरिया येथें, भरलेल्या तिच्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. मजुराला कुटुंब पोसण्याइतकें वेतन मिळावें आणि त्याला संघ करण्याची मोकळीक असावी, ही पोप तेरावे लिओ ह्यांची १८९१ सालची शिकवण आम्हीं सेमिनरींत पुस्तकांतून पढलों. काकांनीं ती गिरणगांवच्या वस्तींत चालवून दाखविली. १९२५ सालीं मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशननें त्यांस आपले अध्यक्ष केलें. त्याच पदास पुढें महापौर हें नांव मिळालें.

आणि तरीहि लोकांच्या तोंडीं ते 'काका'च राहिले. बॅरिस्टर ही पदवी विद्येनें मिळते, अध्यक्षपद मतांनीं मिळतें. काका हें नातें मात्र लोकांनीं आपणहून जोडावें लागतें. एका कॅथॉलिक गृहस्थाशीं तें हिंदु बांधवांनीं जोडलें, ह्यापरतें मोठें मानपत्र कोणतें?

१९३० सालीं काका देवाघरीं गेले. शिवडीच्या दफनभूमींत त्यांचा देह विसांवला आहे. माझगांवच्या भंडारवाडा टेकडीवरील बागेस त्यांचें नांव आहे. तेथून गोदी व बंदर दिसतें. संध्याकाळीं मुलें तेथें खेळतात, वृद्ध मंडळी वारा खात बसतात. पण हे बॅप्टिस्टा कोण, असें मुलांनीं विचारिलें तर सांगणारे आज थोडे. ही उणीव मुलांची नव्हे, आपली आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचा अर्थ दिलेला आहे : बंदिवानानें मोकळें व्हावें, ज्याची जमीन गेली त्याला ती परत मिळावी. १८८७ ची ज्युबिली सिंहासनाकडे पाहून झाली. आपली ज्युबिली शेजाऱ्याकडे पाहून होवो. देवळाच्या भिंतीस नवा रंग लागला, ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु ह्या देवळांतून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलास उद्यां साऱ्या गांवानें काका म्हणून हांक मारिली, तर ज्युबिली सफल झाली असें आम्ही समजूं. प्रभु काकांच्या आत्म्यास चिरशांति देवो.