तळटीप १४ : उपवासकाळ

१४. उपवासकाळ : राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतचे, रविवार वगळून ४० दिवस. साबुदाण्याच्या खिचडीवर निभावणारा आपला उपवास इथे मनात आणू नये. लेखकाने हा शब्द ऑस्कर रोमेरोंसाठी अलंकारिक अर्थाने वापरला असला, तरी तारखाही त्याला दुजोरा देतात. २२ फेब्रुवारी १९७७ रोजी ते एल साल्वादोरमध्ये सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले. राखेचा बुधवार दुसऱ्याच दिवशी होता. पुस्तकांत रमणारा, वाद टाळणारा माणूस. बडे जमीनदार या निवडीवर खूश होते. १२ मार्चला त्यांचे मित्र, शेतमजुरांत काम करणारे फादर रुतिलिओ ग्रान्दे, सोबतचा एक वृद्ध आणि एक मुलगा यांना गोळ्या घालण्यात आल्या. २० मार्चच्या रविवारी रोमेरोंनी धर्मप्रांतातल्या बाकी सगळ्या मिस्सा रद्द करून कॅथीड्रलमध्ये एकच ठेवली. पुढची तीन वर्षे धमक्यांची. लेखक याला 'धैर्य' म्हणतो. मला 'चिकाटी' हा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण कर्करुग्णांच्या रुग्णालयाच्या आवारातलं आपलं लहानसं घर काही त्यांनी सोडलं नाही. २३ मार्च १९८०, उपवासकाळाचा पाचवा रविवार : आपल्याच शेतकरी भावांना मारू नका, असं त्यांनी प्रवचनातून सैनिकांना बजावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये मिस्सा चालू असताना त्यांना गोळी लागली. २०१८ मध्ये त्यांना संतपद देताना पोप फ्रान्सिस यांच्या कमरेला रोमेरोंचीच दोरी होती, रक्ताच्या डागांसकट.