अनोळखी शहराशी कॅमेऱ्याचा संवाद

एका अरुंद गल्लीच्या टोकाला उंच पूल आहे. पुलावरून धूर सोडत आगगाडी चालली आहे आणि खाली रस्त्यावर टोपी घातलेला एक गृहस्थ, हातात कागदात गुंडाळलेली सपाट वस्तू घेऊन, कॅमेऱ्याच्या दिशेने येत आहे. गाडीचा आणि त्या माणसाचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरीही दोघे एका क्षणी एका चौकटीत आले आणि १९२८ साली पॅरिसलगतच्या म्यूदों येथे घेतलेले हे छायाचित्र विसाव्या शतकातील रस्ता-छायाचित्रणाचा एक मानदंड ठरले. ते टिपणारे आंद्रे केर्तेस त्या शहरात जेमतेम तीन वर्षांपूर्वी आले होते. फ्रेंच भाषेवर त्यांचे प्रभुत्व नव्हते. नव्या शहराची ओळख त्यांनी करून घेतली ती प्रामुख्याने पायी फिरून आणि कॅमेऱ्याच्या भिंगातून.

बुडापेस्ट ते पॅरिस

केर्तेस यांचा जन्म २ जुलै १८९४ रोजी बुडापेस्ट येथे झाला. पुस्तकविक्रेते असलेल्या वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. वाणिज्य शाखेचे शिक्षण घेऊन त्यांनी शेअर बाजारात कारकुनी पत्करली आणि १९१२ साली पगारातून पहिला कॅमेरा घेतला. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात होते व १९१५ मध्ये जखमी झाले. आघाडीवरही कॅमेरा त्यांच्याजवळ असे. मात्र त्यात त्यांनी टिपले ते लढाईपेक्षा सैनिकांचे लांबच लांब चालणे, विसावा आणि रिकामा वेळ. मोठ्या घटनेच्या कडेला घडणाऱ्या लहान गोष्टींकडे पाहण्याची ही दृष्टी त्यांना पुढे आयुष्यभर पुरली.

नोकरीत मन रमेना, तेव्हा १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी पॅरिस गाठले. भावी पत्नी एलिझाबेथ मागे हंगेरीतच राहिली होती. मोंपार्नास भागातील उपाहारगृहांत जमणारे हंगेरियन चित्रकार, शिल्पकार आणि लेखक हेच त्यांचे पहिले गणगोत. या वर्तुळातूनच ते पीट माँद्रिआन या डच चित्रकाराच्या घरी पोहोचले. दारातून दिसणारा जिना, टेबलावरचे एकच फूल आणि खुंटीवरची टोपी एवढ्या सामग्रीवर १९२६ साली त्यांनी त्या चित्रकाराचे जणू व्यक्तिचित्रच रेखाटले. व्यक्ती मात्र त्यात नाही.

शहर पाहण्याची पद्धत

पॅरिसमध्ये नवख्या माणसाचे लक्ष स्मारकांकडे जावे हे स्वाभाविक होते. केर्तेस यांनी स्मारके टाळली नाहीत, पण त्यांच्याकडे समोरून पाहिले नाही. आयफेल टॉवर त्यांनी १९२९ साली टिपला तो त्याच्या जमिनीवर पडलेल्या लोखंडी जाळीच्या सावल्यांतून आणि त्यांवरून चालणाऱ्या मुंगीएवढ्या माणसांतून. सीन नदीवरील एक पूल त्यांनी पाहिला तो नदीकाठच्या भव्य वास्तूतील घड्याळाच्या काचेआडून, प्रचंड काट्यांच्या फटीतून. उद्यानातील लोखंडी खुर्च्या, पावसाने ओले झालेले दगडी रस्ते, फूटपाथवर वाचत बसलेली माणसे हे त्यांचे विषय. स्थानिक नागरिक ज्याकडे सरावाने दुर्लक्ष करतो, तेच परक्याच्या नजरेला प्रथम दिसते. या परकेपणाचा असा उपयोग करून घेणे हे केर्तेस यांचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

त्यांच्या कामात उंचावरून पाहणे वारंवार आढळते. खिडकी, सज्जा किंवा जिन्याचा माथा येथून रस्त्याकडे पाहिले की चेहरे गौण होतात आणि हालचाल, सावल्या व अंतरे यांचा आकृतिबंध उठून दिसतो. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे सबुरी. म्यूदोंच्या त्याच गल्लीचे, पुलावर गाडी नसलेले चित्रही त्यांनी घेतले होते. जागा आधी निवडायची आणि तेथे काही घडण्याची वाट पाहायची, ही रीत पुढे अनेक छायाचित्रकारांनी अंगीकारली.

तंत्राचीही साथ होती. सुरुवातीला केर्तेस काचेच्या पट्टिकांवर चित्रे घेत. १९२८ साली त्यांनी लायका हा छोटा कॅमेरा घेतला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका गुंडाळीवर ३६ चित्रे निघत. तिकाटणे लावण्याची गरज नव्हती. खिशात मावणाऱ्या या यंत्राने छायाचित्रकाराला गर्दीतला एक पादचारी बनवले.

वृत्तछायाचित्रणाची वाट

त्याच वर्षी ल्युसिअँ व्होजेल यांनी 'व्यू' हे सचित्र साप्ताहिक सुरू केले. मजकुराला जोड म्हणून चित्र देण्याऐवजी चित्रमालिकेतूनच विषय सांगण्याची पद्धत या नियतकालिकाने रुजवली आणि केर्तेस त्याच्या आरंभीच्या प्रमुख छायाचित्रकारांपैकी एक होते. मौनव्रत पाळणाऱ्या ट्रॅपिस्ट साधूंच्या मठावरील त्यांची मालिका बर्लिनच्या साप्ताहिकातही झळकली. पोटापाण्याचे हे काम आणि स्वतःसाठी केलेली भटकंती यांच्यात त्यांनी फारशी भिंत ठेवली नाही. १९३४ साली पॅरिसवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा ते या शहराचे मान्यताप्राप्त निरीक्षक झाले होते. हंगेरीतूनच आलेले ब्रासाय तेव्हा पत्रकारिता करीत; त्यांना छायाचित्रणाकडे वळवण्यात केर्तेस यांचा मोठा वाटा होता. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीही त्यांचे ऋण मान्य केले आहे.

दुसरे शहर, दुसरा अनुभव

ही कथा येथेच संपली असती तर ती यशोगाथा ठरली असती. ऑक्टोबर १९३६ मध्ये एका छायाचित्र संस्थेच्या करारावर केर्तेस पत्नीसह न्यूयॉर्कला गेले. मुक्काम थोड्या काळाचा असेल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात वाट्याला आले ते स्टुडिओतील काम, आणि करार लवकरच मोडला. इंग्रजी येत नव्हते. 'लाइफ' साप्ताहिकाच्या संपादकांना आपली चित्रे फार 'बोलकी' वाटली, अशी खंत ते पुढे बोलून दाखवत. तेथे चित्राने मजकुराच्या आज्ञेत राहावे अशी अपेक्षा होती.

१९३७ सालचे एक छायाचित्र या मनःस्थितीचे प्रतीक मानले जाते. गगनचुंबी इमारतीच्या ताठ भिंतीशेजारी आकाशात एकच लहानसा ढग आहे; जणू वाट चुकलेला. पॅरिसने ज्याला रस्त्यावर सामावून घेतले, त्याला न्यूयॉर्कमध्ये मान वर करून एका ढगाशी नाते जोडावे लागले. महायुद्धाने परतीची वाट बंद केली. हंगेरी शत्रुपक्षात गेल्यावर केर्तेस शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि रस्त्यावर कॅमेरा घेऊन हिंडण्यावर बंधने आली. ज्याने शहराची ओळखच कॅमेऱ्यातून करून घ्यायची, त्याच्यासाठी ही मुस्कटदाबीच होती. पत्नीच्या सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायाने घर सावरले. १९४४ मध्ये त्यांना अमेरिकी नागरिकत्व मिळाले. त्यानंतर १९६२ पर्यंत 'हाऊस अँड गार्डन' मासिकासाठी त्यांनी सजवलेल्या दिवाणखान्यांची चित्रे काढली. उपजीविका भागली, नाव मात्र मागे पडले. १९५५ च्या 'द फॅमिली ऑफ मॅन' या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचे एकही चित्र नव्हते.

खिडकीतले शहर

१९५२ साली केर्तेस दांपत्य वॉशिंग्टन चौकालगतच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर राहावयास गेले. या घराच्या खिडकीतून त्यांना पुन्हा एक शहर सापडले. १९५४ च्या हिवाळ्यातील छायाचित्रात बर्फाने झाकलेले उद्यान, निष्पर्ण झाडांच्या काळ्या रेषा, वळणदार कुंपण आणि एकाकी पादचारी दिसतो. सोळा वर्षांनंतर आलेली ही जवळीकही दुरूनच होती. पण ती अस्सल होती.

मान्यता उशिरा आली. १९६३ साली पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि १९६४ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांची प्रदर्शने भरली. युद्धकाळात फ्रान्समध्ये लपवून ठेवलेल्या जुन्या निगेटिव्हही याच सुमारास परत मिळाल्या. त्यांत १९२९ सालची, मोंमार्त्रची घरे दाखवणारी एक काच फुटलेली होती. एका जागी भोक आणि त्याभोवती पसरलेले तडे. केर्तेस यांनी ती टाकून दिली नाही, तशीच छापली. हरवून परत मिळालेल्या शहराचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण.

१९७७ मध्ये एलिझाबेथ निवर्तल्या. त्यानंतर ऐंशी ओलांडलेल्या केर्तेस यांनी पोलरॉइड कॅमेऱ्याने त्याच खिडकीत लहान काचेच्या वस्तूंमधून दिसणारे प्रकाश आणि इमारती टिपल्या. ही चित्रे १९८१ साली पुस्तकरूपाने आली. १९८४ मध्ये त्यांनी आपला सुमारे एक लाख निगेटिव्हचा ठेवा फ्रेंच सरकारला अर्पण केला. २८ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. ज्या शहरात ते जवळजवळ पन्नास वर्षे राहिले, तेथे त्यांचा देह विसावला. आणि ज्या शहरात जेमतेम अकरा वर्षे काढली, त्याच्या देशाला आयुष्यभराचे काम दिले. घर कशाला म्हणावे, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर या एका कृतीत सामावलेले आहे.